रोवणा सरला की एक दिवस डोंगराला

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गटाच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाले, वहीत नोंद झाली आणि उठता उठता आमच्यातल्या एका मावशीनं विचारलं, "आपण बाया कधी नुसतं फिराले जाऊ का नाही?" सगळ्या हसल्या. मग कोणीतरी म्हणालं, हसता काय, मोजा ना. आणि आम्ही खरंच मोजलं. वर्षभरात आपण गावाबाहेर कशासाठी गेलो? माहेरी, आठवडी बाजाराला, बँकेत, दवाखान्यात, लग्नाला आणि कोणाच्या मातीला. यात्रेला चौघी गेल्या होत्या. नुसतं पाहायला म्हणून एकही नाही. आजचं बोलणं त्याच्यावरच आहे.

फिरायचं म्हटलं की पहिलं नाव निघतं चिखलदऱ्याचं. विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण म्हणून सगळ्यांना तेच माहीत. पण ते अमरावती जिल्ह्यात, पार मेळघाटात. भंडाऱ्याहून एका दिवसात जाऊन येणं होत नाही. मुक्काम आला, आणि मुक्काम आला की अर्ध्या जणी तिथेच गळतात. म्हशीची धार कोण काढील, लेकरू कोणापाशी ठेवू. म्हणून आम्ही ठरवलं, सकाळी निघून दिवे लागायच्या आत घरी येता येईल अशीच ठिकाणं पाहायची. आणि पाहायला लागलो तेव्हा कळलं की डोंगर तर आपल्याच जिल्ह्यात आहे. लाखांदूर-पवनीकडच्या बाईला भंडारा म्हणजे धानाच्या बांध्या आणि तलाव एवढंच वाटतं. पण उत्तरेला तुमसरकडे निघालं की बांध्यांच्या मागे निळी रेघ दिसायला लागते. तो सातपुडा. तुमसर म्हणजे धानाची मोठी बाजारपेठ, तिथल्या राईस मिल आपल्याला ठाऊक. त्या गावाच्या पुढे अर्ध्या तासात आपण डोंगराच्या पायथ्याशी असतो.

आधी गायमुखाचं सांगतो. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. विदर्भातले कितीतरी लोक त्या दिवसांत पचमढीच्या महादेवाला जातात, आणि ज्यांना तेवढं लांब जमत नाही ते गायमुख गाठतात. आमच्यातल्या एक आजी लग्न झाल्यापासून यात्रेला गायमुखाला जात होत्या. पण त्या म्हणतात, "मी तिथं माणसाईच्या पाठीच पाह्यल्या, डोंगर काही पाह्यला नाही." यात्रेत तसंच होतं. रांग, धक्काबुक्की, हरवलेली लेकरं, चपला. आम्ही मुद्दाम डिसेंबरात गेलो, धानाची कापणी-बांधणी आटोपल्यावर. साधा वार होता, मोजकी माणसं होती. गाईच्या मुखातून पाणी पडतं ते आजींनी पहिल्यांदा निवांत पाहिलं. हात खाली धरून किती वेळ उभ्या होत्या, कोणी "चला, चला" म्हणणारं नव्हतं.

आता हे पाणी कुठून येतं? गटातल्या एकीनं तिथेच विचारलं, आणि प्रश्न चांगला आहे. डोंगरावर जो पाऊस पडतो त्यातला काही सरळ नाल्यानं वाहून जातो. पण जिथे झाडी आहे, खाली पाचोळा साचलेला आहे, मुळांनी माती भुसभुशीत केली आहे, तिथे पाणी थांबतं आणि हळूहळू जमिनीत उतरतं. खडकाला भेगा असतात, त्या भेगांमधून ते खाली खाली जातं. वाटेत एकसंध कठीण खडक लागला की त्याला पुढे जाता येत नाही, मग ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडतं. तो झरा. आपल्या घरच्या माठासारखंच समजा, वरून ओतलेलं पाणी आतून पाझरत बाहेरच्या अंगाला येतं. पावसाचे चार महिने पडलेलं पाणी डोंगर असा जपून वर्षभर थोडं थोडं सोडतो. वरची झाडी गेली तर पाऊस तेवढाच पडेल, पण पाणी दोन दिवसांत वाहून जाईल आणि झरा होळीच्या आधीच आटेल. हे ऐकल्यावर आमच्या एकीनं आपल्या गावच्या बोडीचं नाव घेतलं, जी आता फेब्रुवारीतच कोरडी पडते. त्यावर तिथे बसून बराच वेळ बोलणं झालं, तो विषय वेगळा आहे, पुढे कधीतरी घेऊ.

गायमुखाच्याच परिसरात आंबागडचा किल्ला आहे. तुमसरहून साधारण बारा-तेरा किलोमीटर. साडेतीनशे वर्षांपूर्वी या सगळ्या भागावर देवगडच्या गोंड राजांचं राज्य होतं. त्यातला बख्त बुलंद शाह हा नावाजलेला राजा, नागपूर शहर वसवलं ते त्यानंच. त्याचा सुभेदार राजा खान पठाण यानं १७०० च्या आसपास आंबागडचा किल्ला बांधला. पुढे गोंड राजघराण्यात गादीवरून भांडण पेटलं तेव्हा चांद सुलतानाची विधवा राणी रतनकुवर हिनं वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. शाळेच्या पुस्तकात ही राणी आम्हाला तरी भेटली नव्हती. एका बाईनं पाठवलेल्या बोलावण्यावरून नागपूरकर भोसले या मुलखात आले आणि मग इथलेच झाले. आंबागडही त्यांच्याकडे गेला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. किल्ल्याच्या आतल्या विहिरीचं सडकं पाणी कैद्यांना पाजून मारत, असं अजून सांगतात. खरं खोटं देव जाणे, पण ती गोष्ट ऐकल्यावर आमच्यातल्या कोणीही विहिरीत वाकून पाहायला तयार नव्हतं.

वर जायला पायऱ्या आहेत. घाई केली नाही तर पन्नाशीच्या बाईलाही चढता येतात, आमच्या आजी साठीच्या पुढच्या, त्याही चढल्या. दर थोड्या पायऱ्यांवर बसायचं, त्यात लाज कसली. वर बुरूज आहेत, तटबंदी आहे, काही ठिकाणी पडझड आहे. पडक्या भिंतीवर चढून फोटो काढायचा मोह होतो, तो टाळा, तिथले दगड सुटे असतात. बुरुजावरून दक्षिणेला पाहिलं की आपला जिल्हा दिसतो, आणि मग कळतं याला तलावांचा जिल्हा का म्हणतात. बांध्यांच्या चौकटींमध्ये ठिकठिकाणी पाणी चमकतं. हे तलाव सरकारनं बांधलेले नाहीत, बहुतेक मालगुजारीच्या काळातले आणि त्याच्याही आधीचे आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा हात. कुठे उतार आहे, कुठे पाळ घातली की पाणी अडेल आणि खालच्या किती बांध्यांना पुरेल, हे त्या लोकांना यंत्राशिवाय कळत होतं. खाली राहून आपण एक तलाव पाहतो, त्याच्यात धुणं धुतो. वरून पाहिलं की एकाच्या खाली दुसरा अशी त्यांची रांग ध्यानात येते.

आता आमची चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. किल्ला उतरताना आमच्या एकीला चक्कर आली आणि ती पायरीवरच बसली. चेहरा पांढरा पडला होता. आधी वाटलं उपास आहे म्हणून. मग तिनं हळूच सांगितलं, सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं. का? तर वाटेत लघवीला कुठे जायचं. सोबत पाण्याच्या बाटल्या भरलेल्या होत्या आणि ती तहानलेली होती. मैत्रिणींनो, हे आपल्यातल्या किती जणी करतात! लग्नाला जाताना, तालुक्याला कागदपत्राला जाताना, पाणी तोडतो. त्यानं चक्कर येते, डोकं दुखतं, आणि वारंवार असं केलं की लघवीची जळजळ मागे लागते. आम्ही तिला सावलीत बसवलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, अर्ध्या तासानं ती सावरली. तेव्हापासून आमचा नियम झाला. निघायच्या आधीच ठरवायचं की कुठे थांबायचं. तुमसरच्या बसस्थानकावर एकदा, मग पायथ्याच्या गावात कोणा ओळखीच्या घरी विचारून एकदा. पाहुण्या बायांना कोणी नाही म्हणत नाही. डोंगरावर गरज पडली तर दोघी सोबत जायचं, एकटीनं झाडीत जायचं नाही. कोणाची पाळी आली असेल तर तिनं घरी राहायची काही गरज नाही. वापरलेली घडी कागदात आणि पिशवीत बांधून परत आणायची, तिथे टाकायची नाही.

झाडीत एकटीनं जायचं नाही हे लाजेपुरतं नाही. हा सातपुडा आहे, इथे अस्वल आहे, बिबट आहे, वाघही फिरतो. जंगल आपल्याला नवीन नाही, खरं तर पुरुषांपेक्षा आपल्यालाच जास्त ठाऊक आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्त्याला, पावसाळ्यात सात्या शोधायला बायाच जातात, आणि जनावराच्या हल्ल्यात सापडतात त्यातही बायाच किती तरी असतात. वाकून काम करणारी बाई जनावराला माणूस वाटत नाही, असं जंगलाचे जाणकार सांगतात. फिरायला गेलो तरी तेच नियम. उजाडताना आणि अंधार पडताना झाडीत पाऊल नाही. मोहाच्या दिवसांत तर मुळीच नाही, कारण मोह अस्वलालाही आवडतो आणि तेही पहाटेच येतं. बोलत, आवाज करत चालायचं. पायवाट सोडायची नाही. अस्वल दिसलं तर पळायचं नाही, सगळ्यांनी एकत्र राहून त्याच्याकडे तोंड ठेवून मागे मागे सरकायचं. डोंगरावर फोनला रेंज जाते, म्हणून कुठे चाललो आणि किती वाजता परत येणार ते खाली कोणाला तरी सांगून जायचं. रुग्णवाहिकेचा १०८, पोलिसांचा ११२ आणि वन विभागाचा १९२६ हे तीन क्रमांक ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनी आधीच साठवून ठेवा.

तुमसरहून पुढे जाताना रस्त्याच्या बाजूला काळ्या-तांबूस दगडमातीचे ढीग दिसतात. ते मँगनीजच्या खाणींचे. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉईल या सरकारी कंपनीच्या खाणी आहेत. चिखल्याला जमिनीच्या पोटात शिरून खोदतात, डोंगरी बुजुर्गला वरून उघडी खाण आहे. मँगनीज कशाला लागतं? पोलाद मजबूत करायला. आणि डोंगरी बुजुर्गच्या दगडाचं वेगळेपण असं की त्यातला एक प्रकार बॅटरीचे सेल बनवायला जातो. रात्री गोठ्यात जाताना आपण टॉर्च लावतो, त्यातला काळा भुगा आपल्याच डोंगरातला असू शकतो. खाणीत आपल्याला आत सोडत नाहीत, आणि सोडावं असा हट्ट करू नये, सुरुंग लावतात तिथे. पण रस्त्यावरून पाहता येतं. हे खडक फार जुने, शंभर कोटी वर्षांच्या आसपासचे. एवढा मोठा आकडा आम्हालाही मनात धरता येत नाही.

चांदपूर हे दुसरं ठिकाण, तेही तुमसर तालुक्यातच, सिहोऱ्याच्या बाजूला. डोंगरावर हनुमानाचं देऊळ आणि खाली मोठा तलाव. ज्यांना जास्त चढ नको, लेकरं सोबत आहेत, शिदोरी घेऊन पाण्याकाठी बसायचं आहे, त्यांनी आंबागडपेक्षा चांदपूर निवडावं. आम्ही दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात गेलो. रोवणा सरलेला, निंदण संपत आलेलं आणि हलके धान कापायला अजून वेळ, असे मधले थोडे दिवस मिळतात, ते यासाठी फार चांगले. डोंगर हिरवा असतो आणि तलाव भरलेला असतो. पायरी मात्र ओली आणि शेवाळलेली, तेव्हा चांगली पकड असलेली चप्पल हवी. माकडं आहेत, शिदोरी उघडी ठेवू नका. आमची एक पिशवी गेली, त्यात पुऱ्या होत्या.

पवनीकडच्या मैत्रिणी म्हणतील, आम्हाला तुमसर लांब पडतं. तुमच्या दारात तर जुनं गावच आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं खोदकाम केलं, तेव्हा इसवी सनाच्याही आधीचा बौद्ध स्तूप सापडला. दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली निघाली. पुढे गोसीखुर्दचं धरण आहे, ३३ दरवाजांचं. १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली. पावसाळ्यात दरवाजे उघडले की लोक पाहायला गर्दी करतात. ते पाणी पाहताना एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. त्या पाण्याखाली गावं आहेत. आमच्या गटातल्या एकीचं माहेर त्यात गेलं. ती आमच्यासोबत धरणावर आली, पण सगळ्या फोटो काढत होत्या तेव्हा ती गाडीतच बसून राहिली. तुमच्या गटात पुनर्वसित गावातली कोणी असेल तर तिला आधी विचारा, मग ठिकाण ठरवा.

आंभोऱ्याचंही थोडक्यात सांगतो. वैनगंगा, कन्हान आणि आणखी तीन लहान नद्या तिथे मिळतात, चैतन्येश्वराचं देऊळ आहे. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधू' हा मराठीतला आद्य मानला जाणारा ग्रंथ इथेच लिहिला असं आपल्याकडे मानतात. अंबाजोगाईचे लोक म्हणतात तो आमच्याकडे लिहिला. वाद जुना आहे. पूर्वी भंडाऱ्याच्या काठावरून पलीकडे डोंग्यानं जावं लागायचं, आता तारांनी तोललेला मोठा पूल झाला आहे, तेव्हा पुलावरूनच जा. नावेत बसायचंच असेल तर अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय बसू नका, नावाडी ओळखीचा असला तरी. जानेवारी २०२४ मध्ये याच वैनगंगेत, खाली गडचिरोली जिल्ह्यात, मजुरीला निघालेल्या बायांची नाव उलटली आणि त्यात जीव गेले. मिरची तोडायला जाणाऱ्या आपल्यासारख्याच बाया होत्या.

आता पैशाचं. गटाच्या बचतीला किंवा अंतर्गत कर्जाच्या रकमेला हात लावायचा नाही, हे पहिलं. आम्ही ११ जणींनी आठवड्याला १० रुपये वेगळे काढले, २५ आठवडे. झाले २,७५० रुपये. एकीला एका आठवड्यात जमलं नाही तर पुढच्या आठवड्यात २० द्यायची. एसटीनं जाता आलं तर उत्तम, कारण १७ मार्च २०२३ पासून बायांना सगळ्या एसटी गाड्यांत अर्धं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरच्यांना फुकट, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. पण आडवाटेच्या गावांना फेऱ्या कमी. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे तुमसर डेपोत जाऊन आधी विचारा, आणि विचारायला दोघींनी जा, म्हणजे एकीच्या ऐकण्यावर सगळ्यांचा दिवस अवलंबून राहणार नाही. आम्ही भाड्याची गाडी केली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मात्र बसू नका, कितीही स्वस्त पडली तरी. ट्रॉली माणसं नेण्यासाठी नसतेच. उलटली तर कोणाच्या हाती काही राहत नाही आणि विम्याचे पैसेही अडतात.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी ठेवली. घरी काय सांगायचं? काही गट म्हणतात, प्रशिक्षण आहे असं सांगून निघायचं. आमच्यातही दोघींचं तेच म्हणणं होतं. आम्ही नको म्हटलं. एक तर गाव लहान आहे, संध्याकाळपर्यंत कळतंच. आणि पुढे खरंच प्रशिक्षण आलं, कर्जाचं काम आलं, की घरचे म्हणणार, फिरायलाच चालल्या. मग खऱ्या कामालाही पाय अडकतो. आम्ही आठ दिवस आधी घरोघरी जाऊन सांगितलं, तेही तिघी मिळून. एका घरी सासूबाई म्हणाल्या, "काय काम आहे तिथं?" आम्ही म्हटलं, काम काही नाही, पाहायचं आहे, तुम्हीही चला. त्या आल्या नाहीत, पण सुनेला सोडलं. दुसऱ्या एका घरी घरच्या माणसानं सरळ नाही म्हटलं, आणि ती यायची राहिली. तिचे २५० रुपये आम्ही परत केले. दुसऱ्या वर्षी चांदपूरला जायच्या वेळी तोच म्हणाला, "हिलाही न्या, पण अंधाराच्या आत आणा." साडेपाचला आम्ही त्याच्या दारात होतो.

पहिल्या सहलीचा हिशोब असा: गाडी २,२०० रुपये, चहा आणि आलुबोंडे ३००, फूल-नारळ आणि किरकोळ ९०. जेवण प्रत्येकीनं घरून आणलं होतं, भाकर, लाखोरीच्या डाळीचे वडे, वांग्याची भाजी, त्याचा खर्च धरला नाही. जी आली नाही तिच्या २५० रुपयांची भर गाडीत जागा रिकामी झाली म्हणून आलेल्या तिच्या शेजारणीनं घातली. उरले १६०. ते वहीच्या शेवटच्या पानावर 'फिरणे' या नावाखाली जमा आहेत.